वास कुणाचा, सुवास कुणाचा?

मराठीत ‘वास’ हा शब्द मुळात निरपराध आहे. नाकाला जाणवणारा पदार्थाचा गुण, एवढाच त्याचा अर्थ. तो गुण चांगला असेल किंवा वाईट. परंतु ‘त्याच्या अंगाला वास येतो’ असे आपण एखाद्या माणसाविषयी म्हणतो, तेव्हा तो वास चांगला आहे असा अर्थ कुणीही घेत नाही. चांगल्यासाठी भाषेला ‘सु’ जोडावा लागतो. फुलांना दरवळ असतो, स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो, भाजणी खमंग असते. कष्टाच्या अंगाला मात्र भपकारा आणि दर्प. यातला ‘दर्प’ हा शब्द मोठा बोलका आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात : उग्र वास आणि गर्व. एक दर्प अंगाला असतो आणि दुसरा नाकात असतो. आपल्या समाजाने पहिल्याची चर्चा पुष्कळ केली; दुसऱ्याची करावी असे त्याला कधी वाटले नाही.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात शिकविते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. घरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचे काम. रोज सकाळी निघताना मी मनगटावर आणि कानामागे मोगऱ्याच्या वासाचे गोडसर सेंट लावते. बायकांचे म्हणून दुकानात वेगळ्या फळीवर मांडलेले असते, तसले. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे वाचक विचारतील. पण अंगाला काय लावायचे आणि काय लावायचे नाही, याचे कायदे ज्या समाजात हजारो वर्षे लिहिले गेले, त्या समाजात ही गोष्ट एवढीशी राहत नाही. म्हणून या बाटलीत काय असते, नाक कसे चालते आणि समाज त्या नाकाला काय शिकवितो, हे क्रमाने पाहू.

१

सेंट म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आणि त्यात विरघळविलेली सुगंधी द्रव्ये. अंगावर फवारल्याबरोबर अल्कोहोल उडून जाते आणि द्रव्ये त्वचेवर राहतात. ती सगळी एकदम उडत नाहीत. लिंबू-संत्र्याचा वास देणारे हलके रेणू पाच-दहा मिनिटांत जातात. मग फुलांचा वास पुढे येतो आणि काही तास टिकतो. चंदन, कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्ये, व्हॅनिला ही जड मंडळी संध्याकाळपर्यंत रेंगाळतात. म्हणूनच दुकानात पहिल्या श्वासाला आवडलेले सेंट घरी येईपर्यंत निराळे वाटते. ज्याला खरोखर निवडायचे आहे त्याने ते मनगटावर लावावे, बाजारात एक चक्कर मारावी आणि मग ठरवावे.

या बाटलीतला मोगरा बहुतेक वेळा मोगऱ्याचा नसतो. मोगरा-चमेलीच्या वासात बेंझिल ॲसिटेट नावाचे द्रव्य असते. ते कारखान्यात स्वस्तात तयार होते. खऱ्या चमेलीचा अर्क भलताच महाग, कारण शेकडो किलो फुलांतून जेमतेम एखादा किलो अर्क हाती लागतो. असा अर्क तामिळनाडूत काढला जातो आणि परदेशी सुगंधवाल्यांकडे जातो. गोडव्याचेही तसेच. व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिन १८७४ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले. आजच्या बायकांच्या सेंटमध्ये जो साखरेसारखा गोडवा असतो, तो पुष्कळदा एथिल माल्टॉल या द्रव्याचा. आपल्याकडच्या माणसाला तो ओळखीचा वाटेल : गुऱ्हाळात काहिलीवरचा रस आटून काकवीला येतो, त्या वेळच्या वासाचा तो लांबचा भाऊ.

आणि ‘बायकांचे’ म्हणजे तरी काय? कनौजला तांब्याच्या देगेत गुलाब शिजवून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवितात. ते गुलाबाचे अत्तर नबाब लावीत आणि कव्वालही लावीत. पुरुषांच्या कानात अत्तराचा फाया असणे हे आपल्याकडे रुबाबाचे लक्षण होते. १९६६ साली फ्रान्समध्ये दिओर कंपनीने पुरुषांसाठी ‘ओ सोव्हाज’ हे सेंट काढले. त्यात हेडिओन हे चमेलीच्या वर्गातले द्रव्य घातले होते आणि पुरुषांनी ते आनंदाने लावले. फूल स्त्री नसते आणि लाकूड पुरुष नसते. वेगळी असते ती चिठ्ठी. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे चिठ्ठ्यांचाच प्रश्न येणार आहे.

२

आता मोगऱ्याच्या पोटात शिरू. चमेली, मोगरा, निशिगंध ही पांढरी फुले रात्री दरवळतात, कारण त्यांना रात्री उडणारे पतंग बोलवायचे असतात. त्यांच्या त्या दाट, थोड्या मादक वासात एक द्रव्य असते. त्याचे नाव इंडोल. चमेलीच्या अर्कात ते जेमतेम दोन-अडीच टक्के असेल. ते काढून टाकले तर उरलेला वास स्वच्छ पण निर्जीव होतो, साबणाच्या वडीसारखा. फुलाचा जीव त्या इंडोलात असतो.

हेच इंडोल माणसाच्या विष्ठेतही असते. अन्नातल्या प्रथिनांचे आतड्यातले जंतू विघटन करतात, तेव्हा ते तयार होते. दाट असले की नाक मिटावे लागते आणि विरळ झाले की फूल उमलते. रेणू तोच, रचना तीच. फरक फक्त प्रमाणाचा आणि शेजाऱ्यांचा.

मी हे सेंट प्रथम घरी नेले, तेव्हा आईने माझे मनगट नाकाशी धरले आणि म्हणाली, “मोगराच हाय की गं ह्यो. पर रातभर उशाला ठिवल्याला.” तिला रसायनशास्त्र माहीत नाही, पण तिने नेमके इंडोलच ओळखले होते. कोमेजत चाललेल्या, कडा तपकिरी पडलेल्या गजऱ्याचा जड वास तो हाच.

आता विचार करा. या देशात एका माणसाने मोगऱ्याचा गजरा देवाला वाहिला आणि तो शुद्ध झाला. दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर मैल्याची पाटी दिली आणि तो जन्मभर, त्याचा नातूही जन्मभर, अशुद्ध ठरला. दोघांच्या हातात इंडोल होते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. निसर्गाने सुगंध आणि दुर्गंध यांच्यामध्ये भिंत बांधलेली नाही. ती भिंत माणसांनी बांधली आणि तिच्या एका बाजूला आपल्याला उभे केले.

३

पण नाकाला जे जाणवते ते खरेच ना, असे कुणी म्हणेल. नाक फसत नाही, ही समजूत मोठी जुनी आहे. म्हणून नाकाविषयी दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अशी की नाक स्वतःला हुंगत नाही. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके शोधून काढली आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. मात्र एखादा वास सतत येत राहिला, की काही मिनिटांतच नाक आणि मेंदू मिळून त्याची दखल घेणे सोडून देतात. सकाळी लावलेले सेंट दुपारी आपल्याला येत नाही, शेजारच्याला येते. म्हणून पुष्कळजणी पुन्हा पुन्हा फवारतात आणि वर्गात डोकी दुखतात. दोन फवारे पुरे असतात. उरलेले आपले नाक खाऊन टाकते.

यातून निघणारा निष्कर्ष फार मोठा आहे. प्रत्येक घराला वास असतो आणि तो त्या घराच्या मालकाला येत नाही. कातड्याच्या घराला कातड्याचा असतो, मासळीच्या घराला मासळीचा, तसाच हिंग-तुपाच्या घरालाही हिंग-तुपाचा असतो. शिकत असताना मी भाड्याची खोली शोधीत होते. एका घरी मालकीणबाईंनी आडनाव ऐकले, थोडे थांबल्या आणि म्हणाल्या, “तसं काही नाही हो, पण आम्हाला वास सहन होत नाही.” मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी होते. आत काही शिजलेले नव्हते, मी तर काहीच शिजविले नव्हते. त्या घरात धूप, ओल आणि जुन्या गाद्या यांचा मिसळलेला वास दाटला होता, तो मला स्पष्ट येत होता. त्यांना येत नव्हता. वास येण्याचा अधिकार मात्र त्यांचा होता.

दुसरी गोष्ट, नाक शब्दाच्या आज्ञेत वागते. अमेरिकेत रेचेल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना एकच वास निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या नावांनी दिला. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक या आम्लांचे मिश्रण ‘चीज’ म्हणून हुंगायला दिले, तेव्हा ते चांगले वाटले; तेच ‘ओकारी’ म्हणून दिले, तेव्हा शिसारी आली. बाटली तीच होती, चिठ्ठी बदलली होती. आपल्याकडे हा प्रयोग पुष्कळ जुना आहे. जात म्हणजे माणसावर डकविलेली चिठ्ठीच. मालकीणबाईंनी आडनाव ऐकल्यावरच त्यांना वास आला, यात म्हणून नवल नाही. तो नाकातून आला नव्हता, कानातून आला होता.

हा रोग आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑर्वेलने १९३७ च्या आपल्या पुस्तकात प्रांजळपणे नोंदविले आहे, की खालच्या वर्गाच्या माणसांना वास येतो हे त्याच्यासारख्या मुलांना लहानपणीच शिकविले जाई आणि वर्गभेदाचे खरे मूळ तो तिथे पाहतो. विचार बदलता येतो, शिसारी बदलत नाही. भेद टिकविणाऱ्यांना हे नीट ठाऊक असते.

४

धर्मशास्त्राने सुगंधाची वाटणी कशी केली तेही पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला मध-मांसाबरोबर गंध आणि माळा वर्ज्य सांगितल्या आहेत. पण ती वर्षे संपली की त्याला सारे खुले. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, मेलेल्याची वस्त्रे नेसावी, लोखंडाचे दागिने घालावे, असे सांगितले आहे. ब्रह्मचाऱ्याचे व्रत मुदतीचे, आपले जन्माचे. एकाला सुगंध काही काळ नाकारला तो त्याला मोठा करण्यासाठी आणि दुसऱ्याच्या अंगावर प्रेताचे कापड घातले ते त्याला ओळखता यावे म्हणून.

रोजच्या रूढीत ही वाटणी अधिक बारीक होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या हाताला अत्तर लावतात आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात. गुलाबपाणी दुरून शिंपडता येते. अत्तराला स्पर्श लागतो. म्हणून अत्तर हे नुसते द्रव्य नव्हते. ‘तुझा हात मी हातात घेते’ अशी ती कबुली होती. ही कबुली कुणाच्या वाट्याला आली नाही हे सांगायला नको. आमच्या आयाबाया त्या घरांच्या परसदारी उभ्या राहिल्या, पुढच्या दाराशी नाही. आणि त्या घरातलीच विधवा? तिलाही गजरा नाही, अत्तर नाही, हळदीकुंकू नाही. जातीने एक बाई बाहेर ठेवली आणि नवरा मेल्याने दुसरी. सुगंधाच्या बाबतीत दोघी एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. राज्यभर त्याची वाखाणणी झाली. ठरावाने बाईच्या कपाळाचा प्रश्न मांडला. वेणीतल्या फुलाचा प्रश्नही त्याच्याच मागे उभा आहे.

कोल्हापूरला या लढाईचा वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. कप दिसतो, ओठ दिसतात, म्हणून विटाळ सर्वांसमक्ष मोडता आला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. पण ‘आम्हाला वास सहन होत नाही’ या वाक्यावर फिर्याद कशी करणार? वास दिसत नाही, त्याचा पंचनामा होत नाही. स्पर्शाची अस्पृश्यता कायद्याच्या कचाट्यात सापडली, तेव्हा ती नाकात जाऊन लपली.

५

आता एक तुलना. दक्षिण फ्रान्समधले ग्रास हे गाव आज जगाच्या सुगंधाची राजधानी मानले जाते. १९२१ साली निघालेल्या ‘शनेल नंबर ५’ या प्रसिद्ध सेंटला चमेली तिथली. हे ग्रास मुळात काय होते? कातडी कमावणाऱ्यांचे गाव होते. तिथे हातमोज्यांचे कातडे तयार होई. कातड्याचा वास मारण्यासाठी कारागीर त्याला फुलांचा वास देऊ लागले. १६१४ साली फ्रान्सच्या राजाने हातमोजे करणाऱ्यांना सुगंधाच्या धंद्याचीही मान्यता दिली. पुढे कातड्याचा व्यापार बसला आणि फुलांचा राहिला. २०१८ साली युनेस्कोने ग्रासच्या सुगंधविद्येला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. जगातला सर्वांत नाजूक मानलेला धंदा चांभारवाड्यातून जन्माला आला आहे.

कोल्हापुरातही कातडे होते. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात ते महिनोन्‌महिने मुरविले जाई. कच्च्या कातड्याचा वास उग्र असतो, हे मी नाकारीत नाही. मी त्यातच वाढले. पण कमावून तयार झालेल्या कातड्याला साल आणि माती यांचा एक शांत वास येतो. परदेशी सुगंधवाल्यांकडे तर ‘कातडे’ नावाचा वासाचा एक घराणाच आहे. त्या वासाची सेंटे श्रीमंत माणसे विकत घेऊन अंगाला लावतात. माझे वडील रापी आणि आरी घेऊन बसत, त्यांच्या सदऱ्याला तो वास फुकट येई. लग्नाच्या पंगतीत त्या सदऱ्याशेजारी कुणी बसत नसे.

युरोपातही कातडी कमावणारा गावाच्या कडेलाच ढकललेला होता. पण तिथे त्याने धंदा बदलला, की जुना वास त्याच्या नातवाच्या नावाला चिकटून राहिला नाही. इथे मी कातड्याला हात लावीत नाही, पुस्तकाला लावते. तरी वास आडनावातून येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरविल्या आणि इथून निषेध उठल्यावर या चपलांची प्रेरणा भारतातली असल्याचे मान्य केले. हीच कंपनी २०२२ पासून ‘पॅराडॉक्स’ नावाचे स्त्रियांसाठीचे फुलांचे सेंटही विकते. कातडे आणि फूल एकाच दुकानात, एकाच छापाखाली, तिला चालते. आपल्या गावाला अजून ते जमलेले नाही. इथे चप्पल गावाची शान असते आणि चप्पल करणारा वाड्यापुरता असतो.

६

राहिला माझ्या सेंटचा प्रश्न. माझ्या वर्गात खेड्यांतून येणाऱ्या मुली आहेत. त्यांतल्या कितीतरी शिकणारी पहिलीच पिढी आहेत. तोंडी परीक्षेच्या, मुलाखतीच्या दिवशी त्या एकमेकींकडून बाटली मागून घेतात आणि अंग भिजेपर्यंत फवारतात. मी त्यांना विचारले. एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, कुणाला कळू नये म्हणून.” काय कळू नये, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

या उत्तराने माझी झोप उडाली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची तऱ्हा बदला, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे गळाभर दागिने टाका, स्वच्छ राहा. त्याचा अर्थ काहींनी असा लावला, की वरच्यांसारखे दिसा म्हणजे सुटाल. मला तो तसा वाटत नाही. दुसऱ्याने आपल्या अंगावर घातलेली खूण उतरविणे आणि आपले अंग दुसऱ्यापासून लपविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपले अंग आपल्याला परत मिळते. दुसरीत ते पुन्हा त्याच नाकाच्या स्वाधीन होते.

भीतीने लावलेले सेंट हा दंड आहे. महिन्याच्या महिन्याला, आपल्याच पैशाने भरलेला. आवडीने लावलेले सेंट हा हक्क आहे. बाटली एक असेल, वास एक असेल, पण एकीत गुन्हा कबूल केलेला असतो आणि दुसरीत केलेला नसतो. हा फरक बाहेरून दिसत नाही. तो लावणारीलाच कळतो, आणि म्हणूनच तो तिला कुणीतरी सांगावा लागतो.

माझ्या सहकाऱ्यांपैकी एकजण एकदा हसत म्हणाले, “आज काय, कुठे लग्नाला निघालात?” त्यांच्या हसण्यात वाईट हेतू नसेल. पण सुगंध आमच्या वाट्याला लग्नासारखा, कधीतरी एखाद्या दिवशी यावा, ही समजूत त्यात होती. मी त्यांना म्हटले, “नाही, तासाला निघाले.” मंगळवारी दुपारी व्याकरणाच्या तासाला मोगऱ्याचा वास यावा, यात मला काही अतिरेक वाटत नाही.

माझ्या मुलींना मी आता एवढे सांगते. स्वच्छता पाण्याने होते. पाणी मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि महाडला तो लढून मिळविला आहे. सेंटचा स्वच्छतेशी काही संबंध नाही, ते फक्त सुखासाठी असते. आवडत असेल तर लावा : मोगरा लावा, गुलाब लावा, बाजारात ज्याला पुरुषांचे म्हणतात ते लावा. आवडत नसेल तर लावू नका. घामाचा, चुलीच्या धुराचा, कातड्याचा जो वास तुमच्या घराला असेल, त्याची माफी कुणाकडे मागू नका. तो कामाचा वास आहे आणि त्या कामावर या गावाचे पाय चालले आहेत. आणि कुणी नाकाला रुमाल लावलाच, तर त्याला शांतपणे विचारा, की दर्प नक्की कुठून येतो आहे.